ओहोळमास्तरांचे दहा मैल

परवा आमच्या वॉर्डातली पोरं घरी आली. शर्यत ठेवलीय, दहा किलोमीटरची, तुम्ही जुने पळणारे, बक्षीस द्यायला या, म्हणाली. मी विचारलं, "दहा किलोमीटर मोजले कुणी?" त्यांच्यातला एक म्हणाला, "आजोबा, माझ्या स्कूटरच्या काट्यावर मोजलेत." मी म्हटलं, "बरं."  वाद घालायचं त्राण आता राहिलेलं नाही. पण पोरं गेल्यावर ओहोळमास्तर काही केल्या डोक्यातून जाईनात. ते असते तर त्यांनी त्या पोरांना बसवून घेतलं असतं, खिशातल्या शेंगा पुढं केल्या असत्या आणि चाकात हवा कमी असली तर काटा काय दाखवतो, जास्त असली तर काय, हे दिवेलागणीपर्यंत समजावलं असतं. पोरं पुन्हा त्या गल्लीत फिरकली नसती, हा भाग वेगळा.

मास्तर मिशनच्या शाळेत गणित आणि चित्रकला शिकवायचे. लढाई चालू होती ती वर्षं. नगरात आम्हा पळणाऱ्यांचा एक क्लब होता. क्लब म्हणजे काय, तर माळीवाडा वेशीजवळच्या एका सायकल दुकानाची पडवी आणि तिथली दोन बाकं. विडी कारखान्यातले, मागावरचे, बाजारातले हमाल, असे पंधरा-वीस गडी. मी एका डॉक्टरांकडं कंपाउंडर होतो. क्लबात मला मान होता, पण तो माझ्या पायांमुळं नाही. डॉक्टरांकडं दाबलं की थांबणारं, सेकंद दाखवणारं घड्याळ होतं आणि शर्यतीच्या दिवशी ते माझ्या हातात असायचं. वेळ माझी आणि अंतर मास्तरांचं, अशी आमची वाटणी होती.

मास्तर स्वतः कधी पळाले नाहीत. दिसायला ओबडधोबड, पोट थोडं सुटलेलं, कोटाची बटणं एक घर चुकून लावलेली. रस्ता सोडला तर या माणसाचं कशातच काही नेमकं नव्हतं. लग्नाला जायचे ते पंगत उठल्यावर. घरचं घड्याळ अर्धा-पाऊण तास मागं असायचं, आणि ते मागं आहे हे माहीत असूनही दुरुस्त करायचे नाहीत. "किती मागं आहे ते पाठ आहे ना, मग झालं," म्हणायचे. पोरांना मार्क द्यायचे ते त्या दिवशी मन कसं असेल तसे. पण रस्त्यावर आले की माणूस बदलायचा. कुणी विचारलं, "मास्तर, केडगाव किती लांब?" की ते आधी विचारायचे, "कुणाला? पळणाऱ्याला, चालणाऱ्याला, का बैलगाडीला?" विचारणारा कंटाळून निघून जायचा. मीसुद्धा पहिल्या वर्षी त्यांना टाळायचो.

ते क्लबात आले तेच मुळी भांडण घेऊन. आमची मोठी शर्यत दहा मैलांची. वेशीपासून पुण्याच्या रस्त्यानं पाचव्या मैलाच्या दगडापर्यंत जायचं, दगडाला हात लावायचा आणि परत यायचं. दहा मैल तासाच्या आत पळणाऱ्याला आम्ही 'तासवाला' म्हणायचो. त्याला क्लबातर्फे फेटा बांधायचा आणि मग जन्मभर त्याला त्याच नावानं हाक मारायची. असे तीन तासवाले तेव्हा क्लबात होते. त्यातला एक सायकल दुकानाचा मालक, म्हणजे ज्याच्या पडवीत आम्ही बसायचो तोच. मास्तरांनी एका शनिवारी साखळी घेऊन तो रस्ता मोजला आणि येऊन सांगितलं की पाचवा दगड पाच मैलांवर नाही, बराच अलीकडं आहे.

कुणी मानेना. सरकारी दगड खोटा कसा असेल? तेव्हा मास्तर पुन्हा तिकडं गेले, दगडाजवळच्या वस्तीवर जाऊन बसले, शेंगा खाल्ल्या, गप्पा मारल्या आणि उलगडा करून घेऊन आले. झालं होतं असं की एका पावसाळ्यात तो दगड ओढ्याच्या कडेला कलला होता. वस्तीवरच्या एका म्हाताऱ्यानं तो बैल लावून ओढून काढला आणि अलीकडं कडुनिंबाखाली नीट उभा केला. उभा केला तसा कुणी तरी शेंदूर लावला. आता अमावस्येला त्याला नारळ फुटत होता. आम्ही इतकी वर्षं धापा टाकत जाऊन ज्याला हात लावून परत फिरायचो, तो मैल राहिलाच नव्हता.

आमच्यातले काही म्हणाले, चला, दगड उचलून जागेवर नेऊ. मास्तर म्हणाले, "त्यांना तो तिथं हवाय. आपल्याला तो तिथं नकोय. यात भांडायचं काय?" त्यांनी खऱ्या जागेवर रस्त्यात चुन्याची रेघ मारली आणि शर्यत तिथून वळवली. तो म्हातारा रेघ बघायला आला. मी तिथंच होतो. म्हणाला, "मास्तर, तुमी किरिस्ताव. आमच्या देवाचं तुमाला काय वावडं?"

मास्तर म्हणाले, "देवाचं काही नाही हो आजोबा. पोरं देवाला वळसा घालून फार लवकर घरी येतात, एवढंच."

म्हातारा हसला. तासवाले मात्र हसले नाहीत. तिघांचेही फेटे उतरले होते. सायकलवाल्यानं पडवीतली बाकं आत घेतली आणि वर्षभर आम्ही उभ्याउभ्या सभा केल्या. त्याच्या तोंडचं 'मास्तर' गेलं आणि 'तो साखळीवाला' आलं.

ही साखळी म्हणजे जमीन मोजायची, सहासष्ट फुटांची, लोखंडी कड्यांची, दोन टोकांना पितळी मुठी. सारूबाईंचा, म्हणजे मास्तरांच्या बायकोचा, भाऊ मोजणीच्या कामात होता. तो वारला तेव्हा ती यांच्याकडं आली. सारूबाई म्हणायच्या, "माहेरची एकच साखळी मिळाली मला, कंपाउंडर, ती पण लोखंडी." साखळी धरायला दोन माणसं लागतात आणि मास्तरांना दुसरं माणूस मिळायचं नाही, म्हणून मागची मूठ सारूबाईंच्या हातात असायची. रविवारी उपासना, तेव्हा शनिवारी मोजणी. पुढं मास्तर, मागं नऊवारी खोचलेल्या सारूबाई आणि मध्ये सहासष्ट फूट. घरात दोघं फारसं बोलायचे नाहीत. रस्त्यावर मात्र ओरडून ओरडून सगळा संसार चालायचा. तेल संपलंय, धाकटीला खोकला झालाय, पाद्रीसाहेबांकडं जायचंय, हे सगळं केडगावच्या लोकांना आमच्याआधी कळायचं.

मोजायची त्यांची रीतही निराळी. मोजणीवाले रस्त्याच्या मधून साखळी नेतात. मास्तर वळणावर आतल्या अंगानं न्यायचे. म्हणायचे, पळणारा काही रस्त्याच्या मधून जाणार नाही, तो कड कापणार, मग मोजायचीही तीच वाट. एकदा त्यांच्या मनात आलं की उन्हं चढल्यावर आपली पोरं सावली धरून पळतात, या झाडाखालून त्या झाडाखाली, मग त्यांना जास्त पडतं. दोन शनिवार सावलीची वाट मोजण्यात गेले. तिसऱ्या शनिवारी सारूबाईंनी मूठ खाली ठेवली. "सावली हलते," म्हणाल्या आणि घरी निघून गेल्या. मास्तरांनी उन्हात एकट्यानं साखळी गोळा केली.

असा हा माणूस. त्याच्यावर रागावायचं ठरवलं तरी राग टिकायचा नाही. माझा एकदाच टिकला, आणि तो एकनाथच्या वेळी.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यात शाळेच्या बोर्डिंगातल्या विहिरीचं पाणी फार खोल गेलं. पोहरा पाण्याला टेकेना. नवा दोर कुठं मिळेना, दोरखंड सगळं लढाईकडं चाललेलं. बोर्डिंगातली लहान लहान पोरं रिकामे तांबे घेऊन विहिरीवर बसून राहायची. मास्तरांनी घरून साखळी आणली आणि दोराला जोडून दिली. पाणी आलं. सगळा उन्हाळा भरलेला लोखंडी पोहरा त्या साखळीवर वर आला, दोन-दोन पोरं लोंबकळून ओढायची. पाऊस झाल्यावर साखळी घरी आली तेव्हा तिला गंज चढला होता. मास्तरांनी आणि सारूबाईंनी वाळूनं घासून, तेल लावून ती लख्ख केली. तेव्हा सगळ्यांनी मास्तरांचं कौतुक केलं, मीही केलं.

पावसाळ्यानंतर लष्कराच्या ट्रकांसाठी पुण्याचा रस्ता रुंद झाला, वळणं सरळ झाली. मास्तरांनी दहा मैल पुन्हा मोजले. वेशीतली रेघ तीच ठेवली आणि परतायची नवी मारली.

एकनाथ पारनेरकडचा. बाजारात हमाली करायचा. बाविशीतला, काटक, बोलायला कमी. घरी आई आणि दोन लहान बहिणी. वडील नव्हते. गावाकडं कोरडवाहू तुकडा, त्यात भागत नव्हतं म्हणून तो नगरात पोती उचलायचा आणि पहाटे आमच्याबरोबर पळायचा. त्याच्याइतकं सहज पळणारा माणूस मी पुढंही पाहिला नाही. दिवसभर पोती वाहून कंबरडं मोडलेलं असायचं, पण रस्त्याला लागला की वाटायचं, याला जरा कुणी पोटभर जेवू घातलं तर काय होईल.

पुण्याच्या एका मिलला आपल्या संघासाठी पळणारे हवे होते. तिथल्या खेळांचं बघणारा माणूस आमची शर्यत बघायला येणार असं ठरलं. दहा मैल तासाच्या आत पळणाऱ्याला मिलमध्ये कायमची नोकरी आणि राहायला खोली. एकनाथची आई त्या दिवशी दोन्ही पोरींना घेऊन गावाकडून वेशीत येऊन बसली होती. पोरींच्या केसांना तेल लावलं होतं. तिनं मला विचारलं, "खोली येवढ्या मानसांना पुरंल का वो?" मी म्हटलं, पुरेल.

थंडीचे दिवस होते. एकनाथ सुटला तो सुटलाच. परत येताना तो एकटा पुढं होता, मागं थोड्या अंतरावर आमचे आणखी दोघं. वेशीत माणसं ओरडत होती. मी घड्याळ दाबलं आणि बघितलं. तास आणि वर अठरा सेकंद. मी काटा पुन्हा बघितला. त्यानं काही फरक पडत नसतो, पण बघितला. मागचे दोघंही त्याच्या पाठोपाठ सात-आठ सेकंदांत आले.

मिलचा माणूस वाईट नव्हता. त्यानं एकनाथला पाणी प्यायला दिलं, त्याचे पाय बघितले आणि मास्तरांकडं येऊन म्हणाला, "गडी चांगला आहे. अठरा सेकंदांचं एवढं काय? आमच्या साहेबांना फक्त क्लबाचं सांगणं लागतं. दहा मैल तासात पळाला, एवढं तुम्ही म्हणा. मी घेऊन जातो त्याला."

सगळे मास्तरांकडं बघायला लागले. मास्तरांचा चेहरा पडला होता. त्यांना एकनाथ आवडायचा, त्यांच्या घरी तो किती वेळा जेवला होता. पण ते म्हणाले, "अंतर पुरं आहे. वेळ तासाच्या वर गेली. तासात आला असं मला म्हणता येणार नाही."

"म्हणायचंच तर आहे," मिलचा माणूस म्हणाला.

"तेच मला जमत नाही."

मी मास्तरांना बाजूला घेतलं. म्हटलं, "मास्तर, चौघांच्या पोटाचा प्रश्न आहे." ते म्हणाले, "कंपाउंडर, तीन जणांचे फेटे मी उतरवले. त्यांना आता काय तोंड दाखवू?"  सायकलवाला समोरच उभा होता.

शेवटी एकनाथच बोलला. अंग पुसत म्हणाला, "मास्तर बराबर हायेत. मी कमी पडलो." आणि आईजवळ जाऊन बसला.  तिनं गाठोडं बांधलं, पोरींना उठवलं आणि चौघं पारनेरच्या रस्त्याला लागली. मिलचा माणूस दुसऱ्या दिवशी निघून गेला. मला मास्तरांचा त्या दिवशी राग आला आणि तो बरीच वर्षं राहिला. माझ्या हातातल्या घड्याळाचाही राग आला.

एकनाथ पुन्हा पळायला आला नाही. बाजारातही दिसेना. नंतर कळलं की उत्तरेकडं कालव्याच्या भागात एका साखर कारखान्यावर लागलाय, आई गेली, बहिणींची लग्नं झाली, त्याचंही झालं. क्लबही हळूहळू पातळ झाला. मास्तर मात्र शनिवारी साखळी घेऊन निघायचेच. कुणी पळायला असो की नसो.

लढाई संपली. शाळेच्या आवारात नवा हॉल बांधायचं निघालं आणि बांधकामवाल्यानं नवी कोरी पोलादी फीत आणली. मास्तरांना अशा वस्तूचं लहान मुलासारखं वेड. दुपारच्या सुट्टीत त्यांनी ती फीत जमिनीवर पसरली आणि गंमत म्हणून आपली साखळी शेजारी ताणून ठेवली. फितीचे सहासष्ट फूट संपले. साखळी संपली नाही. तिची मूठ पुढं अर्धा फूट जाऊन पडली होती.

त्यांनी पुन्हा लावली. पुन्हा तेच. सारूबाईंना बोलावलं. त्या डबा घेऊन आल्या होत्या, तशाच खाली बसल्या, साखळीवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाल्या, "विहीर." मग दोघांनी कड्या बघितल्या. ओढून ओढून कड्या उघडल्या होत्या आणि गंज घासताना आतून झिजल्या होत्या. एकेकीत काही दिसत नव्हतं. पण साखळीला शंभर कड्या असतात.

संध्याकाळी मास्तर दवाखान्यात आले. पेशंट बसलेले. मी पुड्या बांधत होतो. ते टेबलाला टेकून म्हणाले, "कंपाउंडर, तुमची वेळ बरोबर होती. माझे दहा मैल चारशे फुटांनी जास्त होते." मला आधी कळेना. मग त्यांनी माझ्याच पुडीच्या कागदावर हिशेब करून दाखवला. लांबलेल्या साखळीनं मोजलं की मोजणी कमी भरते आणि रस्ता जास्त होतो. चारशे फूट पळायला एकनाथला सत्तावीस सेकंद लागले असणार. तो तासाच्या आत होता. मागचे दोघंही जेमतेम आत होते. अंतर पुरं आहे, असं मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले होते. पुरं नव्हतं, जास्त होतं. साखळी तपासून बघावी, हे साखळीनं जगाच्या चुका काढणाऱ्या माणसाला सुचलं नव्हतं.

मास्तर म्हणाले, "मी त्याला सांगायला जाणार. तुम्ही पण चला. वेळ तुमची होती."

मी म्हटलं, "कशाला जाता? झालं गेलं. चार वर्षं होत आली. तो त्याच्या संसारात असेल."

"सगळ्यांसमोर मी त्याला कमी ठरवलं. तू कमी नव्हतास, हे निदान त्याच्या दारात जाऊन सांगायला नको?"

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला वाटलं, एकनाथला बरं वाटेल. कुणालाही वाटलं असतं.

रविवारी उपासना बुडवून मास्तर निघाले. कोळशाच्या धुरावर चालणारी मोटार, चढ आला की आम्ही उतरून चालायचं. ठरलं असं होतं की एकनाथला भेटायचं, परतताना फाट्यावर उतरायचं, मी नगरची गाडी धरायची आणि मास्तरांनी संगमनेरवरून राजूरला जायचं. मागून आलेल्या दोघांपैकी एक राजूरचा होता, डोंगरातला, आता गावी परतलेला. दुसरा नगरातच मागावर होता, त्याला नंतर. तिघांनाही सांगायचं, असा त्यांचा बेत. रस्ताभर ते हुरूपात होते, प्रत्येक मैलाच्या दगडाकडं वाकून बघत होते.

कारखान्याच्या आवाराला मळीचा वास. मजुरांच्या पाचटाच्या खोपींची रांग. एकनाथ खोपीपुढं बसून जेवत होता. आम्हाला बघून उठला, हात धुतले, पाया पडला. मी त्याला ओळखलं ते डोळ्यांवरून. उसाच्या मोळ्या उचलून गव्हाणीवर, म्हणजे ऊस चरकात नेणाऱ्या पट्ट्यावर टाकायचं काम. खांदे पुढं आले होते, पाठीला बाक आला होता. त्याची बायको कौसा आत चुलीपुढं होती, कडेवर एक मूल.

मास्तरांनी सगळं सांगितलं. विहीर, साखळी, चारशे फूट. काही राखलं नाही. शेवटी म्हणाले, "तू तासात आला होतास एकनाथ. चूक माझी होती. तू तासवाला आहेस."

एकनाथनं ऐकून घेतलं. मला वाटलं, त्याला कळलं नाही. मग तो माझ्याकडं बघून म्हणाला, "खरं हाय?" मी मान हलवली. तो ताटासमोर बसला, पण भाकरीला हात लावला नाही.

मग म्हणाला, "मास्तर, येक सांगू का. मी कमी पडलो हुतो, ह्ये मी मनाला सांगून टाकलं हुतं. येका दिसात न्हाई झालं ते. लई दिस लागलं. रात रात नीज न्हवती. मग म्हनलं, आपुन कमी पडलो, दुसऱ्याचा काय दोस. मग निजाय लागलो." त्यानं ताट बाजूला सारलं. "आता तुमी म्हनता कमी पडलो न्हवतो. मग मी हितं कशापायी हाय?"

  मी उगाच म्हटलं, "अरे, निदान मान तरी मिळाला." एकनाथनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"माय गेली माजी," तो मास्तरांना म्हणाला, "पोरगं कमी पडलं म्हनत गेली. तिला कोन सांगनार?"

कारखान्याचा भोंगा झाला. पाळी बदलायची वेळ. एकनाथ उठला, मुंडासं बांधलं, पुन्हा मास्तरांच्या पाया पडला आणि निघाला. रागावला नव्हता. राग तरी यायला हवा होता, असं मला वाटलं. तो माणसांच्या घोळक्यात मिसळला आणि कुठला तो हे कळेनासं झालं. भाकरी ताटात तशीच होती.

आम्ही मोटारीच्या थांब्यावर येऊन उभे राहिलो. मास्तर एकदम म्हातारे दिसायला लागले होते. कोटाची बटणं चुकलेलीच होती, पण आज ती बघून हसू येत नव्हतं. मोटार यायच्या आत कौसा आली. धावत आली असावी, धाप लागली होती. फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी तिनं मास्तरांच्या हातात दिल्या. "वाटंत खावा," म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, "मास्तर, तुमी मोठं मानूस. खरं सांगाया आला, वंगाळ काय न्हाई केलं. पर पुना येऊ नका."

मास्तर म्हणाले, "बरं बाई."

ती गेली नाही. तिला वाटलं असेल, एवढं बोललो ते उद्धट झालं. "तसं न्हवं," म्हणाली. "ह्यांना नीज न्हाई लागली ना, तर दुसऱ्या दिशी कामावर डोळा लागतो. गेल्या साली येकाचा हात गेला गव्हाणीत. म्हून म्हनते."

मास्तर तिच्याकडं बघत राहिले.  मोटार आली तेव्हा मीच त्यांचा दंड धरून त्यांना वर चढवलं. मलाही त्या दिवशी फार थकवा आला होता, नुसतं बसून अंग दुखत होतं.

फाट्यावर आम्ही उतरलो. ऊन उतरलं होतं. दोन्ही गाड्या यायच्या होत्या. मास्तर फडक्यातल्या भाकरी दोन्ही हातांनी धरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मी विचारलं, "राजूरला उतरणार कुठं?" ते म्हणाले, "तिथं चर्चचे एक जण आहेत."  माझी नगरची मोटार आधी आली. मी आत जाऊन बसलो, पण ड्रायव्हर खाली उतरून पाणी भरायला लागला, म्हणून गाडी तिथंच राहिली. तेवढ्यात समोरून संगमनेरची आली. क्लीनर दारात लटकून ओरडत होता, संगमनेर, अकोले, राजूर. मास्तरांनी एक पाय पायरीवर ठेवला. क्लीनरनं आत घ्यायला हात पुढं केला. मास्तर तसेच राहिले, एक पाय वर, एक रस्त्यावर.

क्लीनर म्हणाला, "बाबा, चला की. कुठं जायचंय?"

मास्तरांनी पाय खाली घेतला. "कुठं नाही," म्हणाले.

मोटार गेली. मी खिडकीतून हाका मारल्या, "मास्तर, नगरची आहे ही, या, चला." त्यांनी मला हातानं पुढं व्हायला सांगितलं. माझी गाडी सुटली. त्यानंतर मास्तर मला भेटले नाहीत असं नाही, पुढं दोन वर्षं ते नगरातच होते, मग दोघं नवरा-बायको सारूबाईंच्या गावी गेले. भेटायचे, हसायचे, शेंगाही द्यायचे. राजूरच्या त्या माणसाला ते कधी सांगायला गेले नाहीत, मागावरच्यालाही नाही, आणि मीही कुणाला बोललो नाही. पण मला ते आठवतात ते त्या फाट्यावर, दोन भाकरी हातात धरून, दोन्ही गाड्या निघून गेल्यावर उभे असलेले.